बस्त्यावरचं विमान

शनिवार, ९ जानेवारी १९९९

९१४! दोन वर्षं कार्ड घासून एवढेच.

बँकेचा कागद आज आला. कार्डावर शंभर रुपये खर्च केले की एक पॉइंट. बाराशे झाले की पुणे–दिल्ली विमानाचं तिकीट—एका माणसाचं, फक्त जायचं. आणि ३१ मार्चला उरलेसुरले पॉइंट मातीत. मला २८६ कमी. म्हणजे अठ्ठावीस हजार सहाशे रुपये आणखी उडवा. कशासाठी? फुकट जाण्यासाठी! ज्याच्या डोक्यातून ही योजना निघाली त्याला आमच्या कॉलेजात बोलावून जाहीर सत्कार केला पाहिजे. हार मी आणीन. कसला, ते त्याला गळ्यात पडल्यावर कळेल.

अख्ख्या नगरात हे कार्ड घेणारी दुकानं तीन. पेट्रोल पंप, फ्रिजवाला, कापडवाला. फ्रिज मागच्या वर्षी घेतला. जुना चांगला चालत होता!

पण राजेश्वरीला शब्द दिलाय. पंचवीस वर्षांच्या संसारात बाईने मागून मागितलं काय—एकदा विमानात बसायचं. "दिल्ली नको हो. वरून आपली गावं कशी दिसतात, तेवढं बघायचंय." बेत असा: ती पुण्याहून विमानाने, मी आदल्या दिवशी नगरहून झेलमने निघून तिला घ्यायला दिल्लीत हजर. येताना दोघंही झेलमने. असा हा आमचा हवाई प्रवास.

मंगळवार, १२ जानेवारी

काकासाहेब भूगोल शिकवतात आणि पॉइंटांचं शास्त्र. जन्मात विमानात बसलेले नाहीत. स्टाफरूममध्ये प्रवचन: "सर, घड्याळ घेतलंत तर पॉइंटला अठरा पैसे पडतात. सूटकेस घेतली तर पंचवीस. विमान—साडेतीन रुपये!" हा गृहस्थ रविवारी पंपावर उभा राहतो. लोकांच्या गाड्यांत स्वतःच्या कार्डावर पेट्रोल भरतो आणि त्यांची रोकड खिशात घालतो. "पेट्रोल त्यांचं, पैसे त्यांचे, पॉइंट तेवढे माझे. यात कुणाचं काय गेलं?"

पीएच.डी. झालेला माणूस टेम्पोवाल्यांना हात करतोय! किळस आली.

एक काम मात्र बरं केलं. कागदावर विमानाची वाट काढून दिली. डाव्या खिडकीतून भंडारदरा, उजव्या खिडकीतून नगर आणि पुढे सोनई. राजेश्वरीने तो नकाशा फडताळाच्या दारावर चिकटवला. "मला उजवी. माझं माहेर उजवीकडे." संक्रांतीला सोनईला निघालीय. तिथेही सगळ्यांना सांगत बसेल.

रविवार, १७ जानेवारी

पंपावर उभा राहिलो. चाळीस मिनिटं. एक मोपेड. साठ रुपये. पॉइंट शून्य.

रविवार, १४ फेब्रुवारी

रामहरी येऊन गेला. राजेश्वरीचा धाकटा भाऊ, सोनईला खत-बियाण्यांचं दुकान. थोरल्या मुलीचं, वैजयंताचं जमलं. भंडारदऱ्याकडच्या अकोल्याची सोयरीक. चहा बशीत ओतता ओतता म्हणाला, "दाजी, बस्ता नगरलाच बांधावा म्हन्तो. तुमी म्हनाल त्या दुकानात. आपल्याला शेहरातलं काय कळतंय?"

बस्ता! नवरा-नवरीपासून दोन्हीकडच्या आत्या-माम्यांपर्यंत सगळ्यांचं कापड, एका बैठकीत, एका दुकानात. हजारांनी. कार्ड माझं, रोकड रामहरीची—तीस हजारांच्या आसपास तरी जाईलच! तोंड मात्र कोरं ठेवलं. "बघू, ओळखीचा एक आहे," असं म्हणालो. जणू उपकारच.

सोनईचा कापडवाला याचा वर्गमित्र आहे. तरी नगरला यायचंय! गावाकडच्यांना शहरी दुकानाची भारी हौस. असू दे. पॉइंटांचं त्याला सांगितलं नाही. राजेश्वरीलाही नाही.

रविवार, ७ मार्च

हे आजच लिहून काढतो. उद्यापर्यंत मी त्याला काहीतरी बरं नाव शोधलेलं असेल.

बावीस माणसं. वराचे वडील आबासाहेब, आणि वराची आत्या छबूबाई—जिच्यापुढे आबासाहेब खोकतातसुद्धा परवानगीने. चार तास गाद्यांवर बैठक. शालू, नऊवाऱ्या, शर्टपीस, टोप्या. एकूण २९,४००. इथवर सगळं गोड.

बस्त्याला दुकानाचा रिवाज असतो. शेवटी रकमेत सूट, व्याह्याला फेटा आणि सगळ्या मंडळींना जेवण. मागच्या खोलीत पत्रावळी मांडलेल्या दिसत होत्या. मी कार्ड काढलं. शेटजींनी मला बाजूला घेतलं. "सर, कार्डावर बँक आमचेच पैसे कापते. मग सूट नाही, फेटा नाही, जेवण नाही. रोख द्या, सगळं आहे."

रोख रामहरीच्या पिशवीत होती. मला फक्त कार्ड परत खिशात घालायचं होतं. एवढंच!

रामहरी शेजारी येऊन उभा राहिला होता. त्याने सगळं ऐकलं. म्हणाला, "तुमी म्हनाल तसं, दाजी."

मी म्हणालो, "कार्डच घ्या."

रक्कम मोठी, म्हणून शेटजींनी परवानगीसाठी पुण्याला फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. माझ्या कार्डाचा नंबर तीनदा ओरडून सांगितला. दुपारचे अडीच. बावीस उपाशी माणसं ऐकतायत. मग कार्डाचा छाप घेणारं ते लोखंडी यंत्र आलं—खटॅक, खटॅक! छबूबाई म्हणाली, "आता गं बया! कापड घेतलं का येष्टीचं तिकिट फाडलं?" मागच्या खोलीतल्या पत्रावळी एक नोकर गोळा करत होता.

मग बाईला कंठ फुटला. "आमच्या अकोल्यात दोन धोतरं घेतली तरी च्या पाजत्यात. हितं बस्ता बांधला न् मान्सं उपाशी! व्याही, बस्त्यालाच हात आखडला. म्होरं पोरीला तरी नीट लावून देताय का?"

रामहरीला एक वाक्य पुरलं असतं—हे आमच्या दाजींचं काम. तो उलट मान खाली घालून म्हणाला, "चुकलं माझं, आत्याबाई." बावीस जणांना खानावळीत नेलं. शेजारच्या दुकानातून पदरच्या पैशाने फेटा आणून आबासाहेबांना बांधला.

आणि खानावळीतच त्याने मला रोकड दिली. "मोजून घ्या, दाजी."

मी मोजली! पाच-पन्नास माणसांत, बोटाला थुंकी लावून, मोजली.

टेम्पोवाल्यांना हात करणाऱ्या काकासाहेबांची मला किळस आली होती म्हणे.

सोमवार, ८ मार्च

९१४ आणि २९४. १२०८.

राजेश्वरी काल दुकानातच होती. सगळं डोळ्यांनी बघितलं. सकाळी फडताळाच्या दारावर नकाशा नव्हता. फक्त डिंकाचे चार डाग.

"माझ्या भावाची मान खाली घालून मिळालेलं विमान मला नको." एवढंच बोलली. भाकरी वाढली.

गुरुवार, १८ मार्च

पाडवा. गुढी उभारली.

तिकिटाचा फॉर्म आलाय. जाणाऱ्याची सही लागते. ती करत नाही. सोनईला दोनदा फोन लावला आणि घंटी वाजायच्या आत ठेवला. काय म्हणणार होतो? रामहरी, तुझ्या अब्रूचे पॉइंटला किती पैसे पडले ते काढलंय?

बुधवार, २४ मार्च

काकासाहेब: "वहिनी नाही म्हणतात तर तुम्ही जा! साडेतीन रुपयांचा पॉइंट मातीत घालता?"

पाच मिनिटं विचार केला. पाचच. पण केला!

पेपरातल्या माझ्या आठवड्याच्या सदरासाठी लेख द्यायचाय. दर आठवड्याला कुणाची ना कुणाची सालपटं काढतो. आज कागद कोरा.

रविवार, २८ मार्च

रामहरी पत्रिका द्यायला आला. फॉर्म फ्रिजवर पडलेला दिसला. त्याने तो उचलून बहिणीपुढे धरला. "आक्का, सही कर."

ती म्हणाली, "तुला माहीत तरी आहे का ते काय आहे?"

"लई माहितीय. संक्रांतीला तूच म्हन्लीस ना, पाइंट कमी पडत्यात, राहतंय वाटतं माझं इमान. म्हून तर बस्ता हितं आनला. सोनईत काय कापड मिळत न्हाई व्हय?"

तिने सही केली. मी भिंतीकडे बघत होतो.

निघताना उंबऱ्यात थांबला. "मांडवाचं पांढरं कापड सोनईला दुकानाच्या गच्चीवर आंथरतो, आक्काला वरून कळंल. दाजी, तारीख तेवढी कळवा. ढग नसलेली बघा."