आधीचा अंदाज

आबा, आज आमची मशीन दवाखान्यात गेली आणि मला एकदाचं सुटल्यासारखं वाटतंय. तान्ह्या बाळांच्या सलाईनचा वेग सांभाळणारी मशीन. तिचं सॉफ्टवेअर आम्ही इथे जळगावात लिहिलं, आणि ते ऐनवेळी दगा देण्याची शक्यता किती, हे सांगायचं काम माझं. रीत तुमच्याच कामासारखी आहे. जिनिंगमध्ये कापसाची ट्रॉली आली की गाव कोणतं, पाऊस कधी झाला, एवढं विचारून तुम्ही ओलाव्याचा आकडा ट्रॉलीच्या मागच्या फळीवर, फाळक्यावर, खडूने लिहायचात. मग कोपरापर्यंत हात खुपसून कापूस चाचपायचात आणि शेजारी दुसरा आकडा लिहायचात. मी देवपूरला कॉलेजात होते तेव्हा एकदा तुमचा पहिला आकडा फारच चुकला. शेठ येताना दिसले म्हणून मी तो ओढणीने पुसला. तुम्ही चारचौघांत ओरडलात, "काब्र पुसं व? मना अंदाज चुकना ते चुकना, लोकेस्ले दिखू दे!" आठवडाभर मी तुमच्याशी बोलले नाही.

आम्हीही चाचणीआधी लिहून ठेवतो, की या सॉफ्टवेअरवर भरवसा किती. मागची सॉफ्टवेअरं किती वेळा अडखळली, त्यावरून. मग चाचण्या होतील तसा तो आकडा गणिताने सरकतो. या वेळी एकही चूक निघाली नाही. साहेब म्हणाले, "आता कसली भीती, मॅडम? सही करा." पण माझा आधीचा अंदाज इतका धास्तीचा होता, की चाचण्या जमेस धरूनही धोका मर्यादेबाहेरच राहत होता. मी मागे जाऊन तो अंदाज जरा गोड केला. आकडा बसला, सही केली.

नंतर नव्या सहकाऱ्यांना शिकवताना मी म्हणाले, "चाचणी झाल्यावर आधीचा अंदाज बदलायचा नसतो," आणि जीभ तिथेच अडली. तशीच उठले, साहेबांना सगळं सांगितलं. ते भडकले, पण त्यांनी मशीन दवाखान्यात पाठवणं थांबवलं. वाढीव चाचण्यांच्या दुसऱ्याच आठवड्यात लाईट गेली, मशीन बॅटरीवर आली आणि सलाईनचा वेग दुप्पट झाला. चूक दुरुस्त केली, चाचण्या पहिल्यापासून घेतल्या. आधीचा अंदाज आणखी कडक धरला, तरी आकडा मर्यादेत आला.

ऑफिसात आता म्हणतात, मॅडम फार सच्च्या. तुम्ही गेलात, आता हे पत्र मी कुठल्या पत्त्यावर टाकणार, पण तुम्हाला तरी खरं सांगते. सही केल्यापासून साहेबांकडे जाईपर्यंत चार दिवस गेले होते. ते चारही दिवस मला काहीच टोचलं नाही. छान जेवले, छान झोपले.