दोन तांबे गोडं पाणी

४ एप्रिल, शुक्रवार

परत फोन. अर्धा तास. त्यात पंचवीस मिनिटं पाणी! खारेपणा किती, तापमान किती, घरी मांडलेल्या नव्या टाकीला महिना झाला का. झाला बाबा, झाला. भाग्येश मस्कतला बसून नवरेपणा करतो आणि मी इथे सारंगखेड्यात नववीचे पेपर तपासत ‘हो, हो’ करते.

त्याचा सुरतचा फ्लॅट पंधरा तारखेच्या आत रिकामा करायचाय; तिथे राहून टाकी सांभाळणारा त्याचा मित्र आता चाललाय. कपाट, गादी, भांडी — त्यांचं काही का होईना! तिथल्या टाकीतले दोन मासे आणि ते समुद्रफूल मात्र जिवंत घरी पोचलं पाहिजे. “फूल उघडनं का मी रजा टाकस. लगेच येस.” दीड वर्षात पहिल्यांदा येतो म्हणाला. फुलासाठी का होईना, म्हणाला. सासूबाईंनी ऐकलं आणि आजच कुरडयांचे गहू भिजत घातले.

९ एप्रिल

दमले. एवढंच.

१२ एप्रिल, शनिवार

पहाटे निघून सुरत. गल्लीतल्या जाकीरभाईंचा टेम्पो. आधी जुन्या टाकीतलं पाणी सहा कॅनमध्ये भरलं. मग फूल. नावाला फूल, खरं तर प्राणीच — दगडाला पायाने चिकटलेला. ओढलं तर पाय फाटतो, मग ते जगत नाही. म्हणून पाण्यातल्या पाण्यात दगडासकट बादलीत सरकवलं. मासे दुसऱ्या बादलीत. दोन्हींना बॅटरीचे पंप.

विसरवाडीला चहाला थांबलो. मी उतरलेच नाही, झाकण उघडून बुडबुडे बघत बसले. जाकीरभाई म्हणाले, “भाभी, बीवी को दवाखाने से लाया तब भी इतना आहिस्ता नहीं चलाया.”

दुपारी दोनला घरी. अंगण तापून तवा. आता नव्या पाण्याची सवय करायची — घरच्या टाकीतलं पाणी बारीक नळीने, नळीला गाठ मारून, थेंब थेंब बादलीत. दोन तास. नळ्या लावल्या आणि अंघोळीला गेले. दहा मिनिटं. फक्त दहा मिनिटं!

बाहेर येते तर सासूबाई फुलाच्या बादलीपाशी, हातात तांब्या.

“दूरथून येल शेतस, तपी जायेल व्हतीन. म्हनीसन माठनं पानी वतं. दोन तांबा.”

दारात पाहुणा आला की आधी पाणी. चाळीस वर्षं त्यांनी तेच केलं. समुद्रातल्या जिवाला गोडं पाणी विष, हे मीच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. उलट ओरडले — “मारलं तुम्ही त्याला!”

फूल आवळून लिंबाएवढं झालं होतं. सुरतचं उरलेलं पाणी दुसऱ्या बादलीत ओतलं, दगडासकट त्यात हलवलं, पुन्हा नळी लावली. दिवेलागणीला टाकीत सोडलं. मासे ठीक आहेत.

१३ एप्रिल

फुलाचं तोंड उघडं पडलंय. वाईट लक्षण. भाग्येशचा फोन. “कसं शे?” म्हटलं, दमलंय प्रवासाने. तांब्याचं नाही सांगितलं. सासूबाई जेवल्या नाहीत.

१५ एप्रिल

फूल मेलं तर सडतं, आणि एका दिवसात अख्खं पाणी नासवतं. मग मासेही जातील. म्हणून येता-जाता टाकी हुंगते. विज्ञानाची शिक्षिका!

आज शाळेत असताना वीज गेली, इन्व्हर्टरने मान टाकली. घरी येऊन बघते तर सासूबाई स्टुलावर बसून वाटीने टाकीतलं पाणी वर उचलतायत, परत सोडतायत. पाण्यात हवा मिसळावी लागते, असं काल मी बोलता बोलता म्हटलं होतं. तेवढ्यावर तीन तास! वाटी काढून घेतली, म्हटलं, आई, माफ करा मला.

“मन्हाथीन चुकी व्हयनी, माय. पन तू वरडनी, ते बी बरं नई करं.”

खरंय. दोघी एका ताटात जेवलो.

१९ एप्रिल

तोंड मिटलं! पाकळ्यांसारखी चार-पाच बोटं बाहेर. तांबूस टोकं. हुंगून बघितलं — वास नाही.

२१ एप्रिल, सोमवार

पूर्ण उघडलं. बशीएवढं. मोठा मासा आत शिरून अंग घासतोय. सासूबाईंनी हात जोडले. मीही जोडले, कोणाला ते माहीत नाही.

“सांगं का त्याले?” त्यांनी विचारलं.

नाही सांगितलं. सांगितलं की रजा टाकेल, येईल, टाकीसमोर खुर्ची घेऊन बसेल. मी चहा नेऊन देईन. दीड वर्षात एकदाही विचारलं नाही, रंजिता, तू कशी आहेस. राग येतो. आणि तरी यावा असंही वाटतं, त्याचा जास्तच राग येतो. तो कोणासाठी येणार, एवढं एकदा कळलं म्हणजे झालं.

२२ एप्रिल

फोन केला. म्हटलं, सगळे मेले. फूल, दोन्ही मासे. टाकी धुऊन पालथी घातली.

त्यावर तो — “मंग आते ईसन तरी काय करू मी?” येऊन काय करू, म्हणे.

फोन स्पीकरवर होता. सासूबाई शेजारीच कुरडया डब्यात भरत होत्या. वाटलं, आता मला बोलतील. त्यांनी डब्याला झाकण लावलं आणि म्हणाल्या, “ऊठ. मासासले खावाले टाक, भुक्या व्हतीन.”