निळे १७, लाल ०

२ एप्रिल, गुरुवार
आजपासून रोजनिशी. कारण : सासरे. ते लाल संघाचे, मी निळ्यांचा. दर रविवारी आमच्याकडे जेवायला येतात आणि सर्वश्रेष्ठ फुटबॉल संघ कोणता यावर जुंपते. गेले चार रविवार मी हरलेलो नाही, फक्त उत्तर सुचायला सोमवार उजाडला. आता सराव करणार. दातांच्या डॉक्टरला माणसांचा काय तोटा?

३ एप्रिल, शुक्रवार
धडाक्यात सुरुवात. पहिला पेशंट बँकेतला कॅशियर, कट्टर लाल. अर्धं रूट कॅनाल होईपर्यंत निळ्यांचा बचाव, मधली फळी, इतिहास, सगळं मांडलं. त्याने एकही मुद्दा खोडला नाही. शेवटी तर डोळ्यांत पाणी. दोनदा मान हलवली. मान हलली की होकार धरायचा, हा नियम त्याला तिथेच सांगून टाकला. निळे १, लाल ०.

७ एप्रिल, मंगळवार
निळे ९, लाल ०. पीटीच्या मास्तरांनी मध्येच हात वर केला. दुखलं तर हात वर करायचा, वादात नव्हे, असं समजावलं. सिस्टर म्हणाली, डॉक्टर, त्यांच्या तोंडात कापूस आहे, ते बोलणार कसे? सिस्टरला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही.

१२ एप्रिल, रविवार. दुपारी ३
घोटाळा. मी पहिलं वाक्य बोललो आणि सासरे मध्येच बोलले! इतक्या पेशंटांत ही वाईट सवय मला कुठे आढळली नव्हती. माझा बचावफळीचा मुद्दा त्यांनी भात वाढून घेता घेता निकालात काढला. बायको म्हणाली, बाबांना हरवायचं तर आधी त्यांचं ऐकून घे. माहेरची बाजू, दुसरं काय! जाताना सासरे म्हणाले, जावईबापू, रविवारची मी वाट बघतो, पण जरा नीट भांडा हो. टोमणा असणार.

१६ एप्रिल, गुरुवार
निळे १७, लाल ०. पेशंट कमी झालेत. कॅशियरने उरलेलं रूट कॅनाल समोरच्या डॉक्टरीणबाईंकडे करून घेतलं. पटलेला माणूस परत कशाला येईल? यशच म्हणायचं.

१९ एप्रिल, रविवार
सासरे आले नाहीत. दाढ दुखतेय म्हणे. देव पावला! उद्या खुर्चीत घेतो, आ करायला लावतो आणि एकदाचा निकाल लावतो.

२० एप्रिल, सोमवार
सासरे दाढ घेऊन समोर गेले. बायकोला म्हणाले, जावई डॉक्टर चांगला आहे, पण मला गप्प बसून ऐकणं जमायचं नाही. जरा लागलं.
आज एकच पेशंट. कवळीवाले आजोबा. कवळी काढून माझ्या हातात दिली आणि झोपले.

२६ एप्रिल, रविवार
सासरे आजही नाहीत. दाढ कधीच निघाली. बायकोला निळ्यांची मधली फळी समजावली, ती ताट घेऊन स्वयंपाकघरात गेली. जेवण जाईना. खरं सांगायचं तर सासऱ्यांची आठवण आली.

२९ एप्रिल, बुधवार
माझीच दाढ ठणकतेय. आरशात बघून स्वतःच काढायचा प्रयत्न केला. सिस्टरने हातातून चिमटा काढून घेतला.

३० एप्रिल, गुरुवार
समोर गेलो. वेटिंग रूममध्ये माझे सतरापैकी अकरा विजय बसले होते आणि मधोमध सासरे. दाढ निघून दहा दिवस झाले, तरी रोज येतात म्हणे. कॅशियर लालांसाठी आणि मास्तर निळ्यांसाठी तावातावाने भांडत होते. मास्तर पहिल्यापासून निळ्यांचेच. मी कधी विचारलंच नव्हतं. नंबर आला तरी कुणी उठेना. जो हरत येई, त्याच्या बाजूने सासरे दोन मुद्दे पुरवत, म्हणजे भांडण पुन्हा पेटे. इतका छान वाद मी आयुष्यात ऐकला नव्हता.

दाढ निघाली. बाहेर आलो तर सासऱ्यांनी सरकून जागा दिली. म्हणाले, बोला जावईबापू, लालच श्रेष्ठ ना? जन्मात पहिल्यांदा उत्तर जागच्या जागी सुचलं होतं. पण जबडा बधिर आणि तोंडात कापूस. मी जोरजोरात नाही म्हणून मान हलवली.

कॅशियर म्हणाला, मान हलली की होकार धरायचा, डॉक्टरांचाच नियम आहे.

निळे १७, लाल १.