खिडकीखालची मधपेटी

तीर्थस्वरूप वहिनींस,

धाकट्या दिराचा नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? आणि तुमच्या बहिणीचा खोकला? इकडे मी ठणठणीत आहे. मध्यंतरी डावा कान दुप्पट झाला होता, तोही आता मूळ मापावर आलाय.

दादा गेल्यावर तुम्ही बहिणीकडे गेलात, आणि गेल्या महिन्यात तुमचं पत्र आलं, की परत यायचं आता मनात नाही, ह्यांची मधपेटी कुणाला तरी देऊन टाका आणि माझी खोली भाड्याने द्या. तुमचा शब्द मी कधी मोडलाय का? (एकदा, पडद्यांच्या रंगावरून. ते सोडा.) पण वसंत लागलाय हो. या दिवसांत राणी अंडी घालत सुटते, पेटीत दाटी होते, आणि वर रिकाम्या चौकटींचा मजला चढवला नाही तर निम्म्या माशा जुन्या राणीला घेऊन चालत्या होतात. दादा हे सगळं उघड्या हातांनी, शीळ घालत करायचा. मी पडलो टेलर. आधी जाळीचा अंगरखा शिवला, दुहेरी शिलाईचा, चार खिशांचा, गळ्याशी काज. बटण तेवढं लावायचं राहिलं. चाळीस वर्षं जगाला बटणं लावून दिली आणि स्वतःच्या वेळी ही तऱ्हा! काजातून एक माशी आत शिरली, आणि कानाचं ते तसं झालं. मजला मात्र चढवला.

मग खोलीचं मनावर घेतलं. खिडकीखाली माशा पाहून भाडेकरू पळेल, म्हणून एका रात्री टेप लावून, मोजून चाळीस फुटांवर, मागच्या भिंतीशी पेटी नेली. रिकाम्या झालेल्या जागी सकाळी खुर्ची टाकून चहा घेत बसलो. माशा नव्या जागेवरून निघाल्या आणि परतल्या त्या थेट माझ्याकडे. मांडीवर, टोपीवर, कपाच्या कानावर, माशाच माशा. (चावली एकही नाही. दमल्या होत्या बिचाऱ्या.) मी श्वाससुद्धा बेताने घेत होतो, आणि शेजारचे मास्तर कुंपणापलीकडून सावकाश मला शिकवत होते, की माशी पेटी ओळखत नाही, जागा ओळखते, पेटी हलवायची तर रोज हातभर, नाहीतर एकदम कोसभर लांब. हे आदल्या दिवशी सांगायला काय झालं होतं, कोण जाणे. अंधार पडल्यावर पेटी होती तिथे परत आणली.

तेव्हापासून दुपारी दुकान बंद करून मी पेटीपाशी बसतो. ऊन उतरलेलं असतं, डोळे आपोआप मिटतात. कोवळ्या माशा पहिल्यांदा बाहेर पडतात ना, त्या लगेच उडून जात नाहीत. मागे वळतात, घराकडे तोंड करून हवेत झुलतात, मग थोडं मोठं वर्तुळ, मग आणखी मोठं. घर पाठ करतात म्हणे. एकदा मीही तसंच करावं म्हणून फाटकातून उलट्या पावली बाहेर पडलो, आणि पोस्टमनच्या सायकलीवर जाऊन आदळलो. पण पडल्या पडल्या घर पाहिलं, वहिनी. तीस वर्षांत कधी इतकं नीट पाहिलं नव्हतं. जरासं डावीकडे कललेलं आहे. पोस्टमन हात देत होता आणि मी त्याला म्हणत होतो, थांब जरा, बघू दे.

बाकी सर्व क्षेम. खोली पाहायला एक जोडपं येऊन गेलं, त्यांना ती पसंत पडली नाही. बहिणीला नमस्कार सांगा.

तुमचा आज्ञाधारक,
धाकटा दीर

ता. क. जोडप्याला खोली फार आवडली होती. छत गळतं असं मीच सांगितलं. (गळत नाही.)

आणखी ता. क. पेटी न्यायलाही एक मधवाला आला होता. दहा कोसांवर नेतो म्हणाला. मी विचारलं, माशा परत आल्या तर? तो हसला. इतक्या लांबून येत नाहीत म्हणे; तिथेही बाहेर पडून मागे वळून बघतात, तीन-चार दिवसांत नवी जागा पाठ करतात, जुनी विसरतात. ऐकून मला फार वाईट वाटलं. त्या दिवशी मी जेवलो नाही. तुम्हाला तिकडे जाऊन तर पाच महिने झाले.

शेवटचा ता. क. मी त्याला म्हणालो, "वहिनी आल्या की त्यांना विचारून देतो." तो म्हणाला, "कधी येणार?" माझ्या तोंडातून निघून गेलं, "संध्याकाळी." भला माणूस आहे, आज आठ दिवस रोज संध्याकाळी येऊन बसतो, आणि मी दोन कप चहा टाकतो. त्याला आता काय सांगू, तेवढं कळवा.