इसामु पडद्यावर परत आला

हाचिनोहे,
१९ ऑगस्ट २००३

चि. योशिरो यास ताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझ्या पुस्तकावरचा सिनेमा पाहिला. आईला घेऊन गेले होते.

आधी चांगलं सांगते, नाहीतर म्हणशील ताईला नावं ठेवायचीच सवय. अंतराळात तरंगणारं घर हुबेहूब उतरलंय. हवेत उडणाऱ्या मुळ्याच्या फोडी पकडत फिरणारी बाई पाहून आई डोळे पुसेपर्यंत हसली. बापाचं घोरणं तर आपल्या बाबांचंच! पण ते यंत्राचं मांजर किती बडबडतं रे! आणि चार गाणी कशाला? संकटात माणसं गातात होय?

हेही गिळलं असतं. पण शेवट? पुस्तकात थोरला मुलगा दुरुस्तीचं यान घेऊन जातो तो परत येत नाही, आणि घरचे त्याच्यासाठी लावलेला दिवा विझवतात. इथे तो दार उघडून आत आला! तीच आपल्या थोरल्या इसामुची वाकडी टोपी, तेच खांदे उडवणं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आई जी उभी राहिली, ती पडदा काळा झाला तरी बसेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर इसामुची रोजच्या नैवेद्याची भाताची वाटी देव्हाऱ्यातून जेवणाच्या टेबलावर आलेली, शेजारी भाजलेला माकूळ मासा! आणि ऑक्टोबरातलं त्याचं तेहतिसावं श्राद्ध नको, असं तिने देवळात फोन करून कळवलं. एकोणीस वर्षांचं पोर बोटीबरोबर बुडालं, प्रेतही मिळालं नाही. गेला ते वर्ष पहिलं धरून तेहतिसावं झालं की त्याचं वेगळं काही करायचं नाही, तो पूर्वजांत मिळाला, हे ती स्वतःच सगळ्यांना सांगत होती ना? इथवर यायला तिला बत्तीस वर्षं लागली. मी विचारलं तर मलाच गप्प बसवलं.

त्या सिनेमावाल्यांना लाज नाही का? तू ये आणि तो शेवट खोटा आहे हे तुझ्या तोंडाने तिला सांग. माझ्याने होणार नाही.

राग आहे, माया त्याहून जास्त आहे.

तुझी,
मित्सुए


तोक्यो,
२४ ऑगस्ट

ती. ताईस योशिरोचा सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि लगेच उत्तर लिहायला बसलो. सिनेमावाल्यांना बोलू नकोस. त्यांना पुस्तकातलाच शेवट हवा होता. दिग्दर्शिका माझ्याशी भांडल्या, पोरं रडली तर रडू देत म्हणाल्या. शेवट मी बदलायला लावला. टोपीसुद्धा मीच सांगितली.

ताई, पुस्तकात मी दादाला एका ओळीत मारून टाकलं. लोक म्हणाले, वा, काय संयम! आईने ते पान वाचलं, पुस्तक मिटून कपाटात ठेवलं आणि मला एक शब्द बोलली नाही. तेव्हापासून ते मला टोचतंय. निदान पडद्यावर तरी एकदा त्याला दारातून आत आणावं, एवढंच डोक्यात होतं. आई ते खरं धरून बसेल हे माझ्या टाळक्यात आलंच नाही. अक्कल गहाण टाकली होती मी!

शनिवारी येतो. दादा गेला, हे तिच्यासमोर बसून सांगतो. कसं सांगणार, माहीत नाही.

रागाव, पण टाकू नकोस.

तुझा,
योशिरो


हाचिनोहे,
२७ ऑगस्ट

चि. योशिरो यास आईचे उदंड आशीर्वाद.

मित्सुएने तुझं पत्र मला वाचून दाखवलं. दोघंही मला खुळी समजता होय रे? इसामु गेला. मला ते पहिल्या आठवड्यातच कळलं होतं, तुम्ही पोरं आशा धरून होतात म्हणून बोलले नाही. पुस्तकाबद्दल बोलले नाही, कारण त्यात काही चुकलंच नव्हतं.

सिनेमा चांगला आहे. मांजर मला आवडलं, मित्सुएला काय कळतंय! शेवट मात्र फार वाईट केलास. तो परत आला म्हणून नव्हे. पोरगा इतक्या वर्षांनी घरी आला, सगळ्यांनी मिठ्या मारल्या, रडले, गाणं म्हटलं, आणि एकानेही विचारलं नाही की बाळा, जेवलास का? मी उभी राहून वाट पाहत होते, आता कोणीतरी वाढेल, आता वाढेल. पडदा काळा झाला. ती आई कसली मेली? असं लिहितात का?

म्हणून वाटी टेबलावर आणली. उपाशी पोराला पूर्वजांत कसं धाडू? श्राद्ध ठरल्या दिवशी होईल, आजच पुन्हा फोन केला. तोवर त्याला पोटभर खाऊ दे.

शनिवारी आलास की मला काही समजावू नकोस. हातपाय धू आणि त्याच्या शेजारी जेवायला बस. बत्तीस वर्षं तो एकटाच जेवतोय.

आईने लोभ काय मागायचा? जपून ये.

तुझी,
आई