ईयोबाचे बेचाळीस अध्याय

आसेन, १२ फेब्रुवारी २०१५

चि. हार्म यास, अ. उ. आ.

तुझ्या बायकोचं, खेस्केचं पत्र मिळालं. तिने कळवलं म्हणून कळलं. तू कळवलं असतंस तर तुझी मिशी झडली असती.

सोमवारच्या भूकंपाच्या धक्क्याने तुमच्या निजायच्या खोलीच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेला, त्यातून बाहेरचं गवत दिसतं. आणि खुब्याचं हाड मोडून पडलेल्या बायकोची खाट त्याच भिंतीखाली! भिंतीला टेकू लावणारे तुझ्या सहीच्या तक्रारअर्जाशिवाय येत नाहीत. अर्ज टेबलावर पडून आहे म्हणे. का, तर तुमच्या चर्चचे पाळक फेल्टकाम्प म्हणाले की ही बायबलातल्या ईयोबासारखी परीक्षा आहे, कुरकुर करू नये. स्वतः राहतात गावाबाहेरच्या नव्या कोऱ्या घरात, आणि परीक्षा तुझी!

गॅस कंपनीचा माणूसही येऊन तुमच्याकडचा केक खाऊन गेला, तोंड पुसलं आणि म्हणाला, घराचा पाया जुनाट आहे. आजोबांनी घातलेला पाया पन्नास वर्षं जमिनीखालून गॅस उपसून भूकंप ओढवल्यावर जुनाट झाला वाटतं?

सही कर. तुझ्यावर जीव आहे म्हणून शिव्या घालते, तेवढं गोड मानून घे.

तुझी आक्का,
फ्रौके

•

१६ फेब्रुवारी

ती. फ्रौकेआक्कास, शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. वाचून खेस्के हसली, म्हणून मी फाडलं नाही.

खाट हलवता येत नाही. बाकीच्या खोल्या माडीवर. मी चर्चच्या मंडळीतला वडील, कारभाऱ्यांच्या बाकावर बसणारा. मीच अर्ज घेऊन धावलो तर लोकांनी कोणाकडे पाहावं? ईयोबाची मुलं घर कोसळून गेली, तरी तो म्हणाला, परमेश्वराने दिलं, परमेश्वराने नेलं. पाळकांनी हेच वचन मला कागदावर लिहून दिलंय. ते भिंतीवर लावलंय, तड्याच्या शेजारी.

तू चाळीस वर्षांत चर्चची पायरी चढली नाहीस. तू मला ईयोब शिकवू नकोस, आक्का.

तुझ्या गुडघ्यांना लोकरीचं काही बांध. राग ओसरला की माया पाठव.

हार्म

•

१८ फेब्रुवारी

चि. हार्म, अ. उ. आ.

राग ओसरलेला नाही, माया आधीच पाठवते.

चर्च सोडलं म्हणून मी वाचायचं सोडलं नाही. शाळा सहावीपर्यंतच झाली, बाकी सगळं चुलीपाशी वाचलं. परमेश्वराने दिलं आणि नेलं, हे ईयोब पहिल्याच अध्यायात म्हणतो. पुस्तक आहे बेचाळीस अध्यायांचं! मधले चाळीस काय उंदरांनी खाल्ले?

शिवाय ईयोबाच्या पोरांच्या घरावर वादळ आलं होतं. तुझ्या घराखाली नळ्या घातल्या आहेत. माणसांनी पोखरायचं आणि देवाच्या नावावर खपवायचं, याला श्रद्धा म्हणत असतील तर तुमच्या पाळकापेक्षा माझं मांजर श्रद्धाळू.

बाबा रोज रात्रीच्या जेवणानंतर ताटं उचलायच्या आधी बायबलातला एक अध्याय वाचायचे. नुसत्या नावांची यादी असली तरी गाळायचे नाहीत. आपले बटाटे थिजायचे. तूही तेच करतोस. मग आजपासून ईयोब घे, खेस्केच्या खाटेशी बसून, ओळीने. एकही गाळलास तर तू बाबांचा मुलगा नव्हेस.

खेस्केला माझा पापा. तुला नाही; तुझा तूर्त राखून ठेवलाय.

आक्का

•

३ एप्रिल

ती. आक्कास, शि. सा. न. वि. वि.

उशीर झाला, कारण तू सांगितलंस तसं ओळीने वाचत होतो.

तिसऱ्या अध्यायात ईयोब जन्मदिवसाला शिव्या घालतो. मी दचकलो. तेराव्यात म्हणतो, मला देवाशीच वाद घालायचा आहे. त्याचे मित्र पानोपानी समजावत राहतात, आणि आक्का, मला पाळकांचाच आवाज ऐकू येऊ लागला. एकतिसाव्यात ईयोब म्हणतो, ही माझी सही, आता सर्वसमर्थाने मला उत्तर द्यावं. खेस्के म्हणाली, पुन्हा वाच. वाचलं. मग म्हणाली, देवाला सही करून जाब विचारणारा चालतो, आणि तुला कंपनीला विचारायची लाज वाटते होय रे? मी इथे रोज रात्री त्या भिंतीचे दगड मोजत पडते.

परीक्षा माझी म्हणत होतो, आणि भिंतीखाली ती होती. तिथेच सही केली.

टेकूवाले तिसऱ्या दिवशी आले, पण भिंत बघून त्यांनी टेकूसुद्धा लावला नाही. आम्हाला दुपारीच बाहेर काढलं, दारावर पाटी ठोकली. घर पाडणार. आम्ही शेजारच्या एल्ट्येच्या बैठकीत आहोत.

काल पाळक आले. म्हणाले, ईयोबासारखा धीर धरला असतास तर मंडळीपुढे उदाहरण झालं असतं. आता मंडळीतल्या वडिलांच्या बाकावरून उठावं हे बरं. मी कालच बेचाळीसावर आलो होतो. त्यांना एल्ट्येच्या अंगणात वाऱ्यात उभं करून वाचून दाखवलं, की देव ईयोबाच्या मित्रांना म्हणतो, माझा राग तुमच्यावर भडकला आहे, कारण माझ्याविषयी खरं बोलला तो ईयोब, तुम्ही नव्हे. ते टोपी धरून उभे राहिले. म्हणाले, संदर्भ वेगळा आहे. मी म्हटलं, बसा की मग, पहिल्यापासून वाचू. बसले नाहीत.

बाकावरून मी उठलोच आहे. गुरुवारी खेस्केला घेऊन तुझ्याकडे येतो. तिला जिना चढवत नाही, तेव्हा तुझी खालची खोली आम्हाला दे आणि तू माडीवर जा. गुडघ्यांची कुरकुर केलीस तरी मी ऐकून घेईन.

तुझा,
हार्म