वांग्याची रोपं आणि आपली चंद्री

चंद्रीच्या आजीस,

पत्राला फार उशीर झाला, रागावू नको. तू गेलीस त्याला वर्ष होत आलं. मी दुसरी शिकलेला माणूस, अक्षर वाकडं, आणि तुला तर वाचताच येत नव्हतं. तिथं कोणी वाचून दाखवणारं भेटलं असेल, या आशेवर लिहितो. तुझं नाव जन्मभर घेतलं नाही, आता कागदावरही घ्यायला धजत नाही.

लिहितो ते भीतीपोटी. काल अकोल्याला गेलो आणि चंद्रीला न भेटताच परत आलो. ऐकतेस ना? बरं केलं की वाईट, हे सांगणारं इथं कोणी नाही.

मुलगा-सून पटकीत गेल्यावर ती पोर तुझ्या कडेवर वाढली. मग तूही कुंकवानिशी निघून गेलीस. एवढी काय घाई होती? मी मळा पाहू की तिची वेणी घालू? शेवटी आपली लेक गोदा तिला आपल्या घरी अकोल्याला घेऊन गेली, मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात. तिथं गल्लीतल्या एका बाईंनी लहान पोरांचा वर्ग काढला आहे, त्यात घातली.

वर्ग कसला! छडी नाही, पाढे नाहीत, पाटीसुद्धा पोरानं मागितली तर देतात. पोरांच्या मुठीत मावतील असे एवढाले खराटे, एवढाले तांबे. ज्याला जे करावंसं वाटेल ते त्यानं करायचं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा भ्यालोच. अशानं ही पोर उद्या जगात निभावेल कशी?

मग तुझं खुरपं आठवलं. चंद्रीच्या हाताएवढं, लोहाराकडून मुद्दाम करवून आणलेलं. मी ओरडलो होतो, "बोट कापन पोट्टीचं!" तू म्हणालीस, "तुमचं खुरपं धरलं तं कापन. हे तिच्या हाताचं हाय." तेच खुरपं ती बोचक्यात बांधून अकोल्याला घेऊन गेली.

मला राहवत नसे. बाजार उरकला की मोटारीनं अमरावती, मग बडनेऱ्याहून आगगाडी. विहिरीला कठडा आहे ना? मोर्णेला पूर आला तर? पोर वाळली तर नाही? मला पाहिलं की चंद्री गळ्यात पडायची, निघालो की भोकाड पसरायची.

गोदा चिडली. "बाबा, तुमी येता न् निंगून जाता. मांगं पोरगी चार दिस जेवत नाही. हे मले निस्तरा लागते!"

बाईंनी समजुतीनं सांगितलं, "बाबाजी, माणसाचं मूल जिथं राहतं तिथलं होतं. तिथली बोली, तिथलं जेवण, तिथली माणसं आपली करतं. ते काम तिचं तिलाच करू द्या. काही दिवस येऊ नका."

तिथलं होतं! त्याचीच तर मला भीती. तिथली झाली तर आपली राहील का? आणि नाही झाली, तर सुकून जाईल. यातली कोणती भीती मोठी, तूच सांग.

मी ठरवलं, तिला घेऊनच यायचं. काल त्याच बेतानं गेलो. वर्गाच्या भिंतीशी पोचलो तर आतून तिचा आवाज आला. भिंतीवरून हळूच डोकावलो. अंगणात वाफा केला होता. नुकतीच लावलेली वांग्याची रोपं, सगळ्यांनी माना टाकलेल्या. चंद्रीच्या हातात तुझं खुरपं. बाईंना म्हणाली, "मला पाणी हवं." आपल्या घरचं 'मले' कुठं गेलं?

तेवढ्यात एका पोरीनं रोप उपटलं, मूळ धरलं का पाहायला. चंद्रीनं तिच्या हातावर चापट मारली.

"उपटू नोको व! आबाजीवानी करून राहिली! आजी मने, रोज उपटून पायलं तं ते जीव कसा धरन?"

अगं, हे तू मला दर पावसाळ्यात ऐकवायचीस! नवं रोप मान टाकायचं, मला धीर निघायचा नाही. मी गुपचूप एखादं उपटून पाहायचो आणि तू नेमकी मागं उभी. "तुमचा हात बांधून ठेवा लागते," म्हणायचीस.

पोरी हसल्या. चंद्रीही हसली. मी भिंतीला हात टेकून उभा राहिलो. हाक ओठांवर आली होती. मारली नाही. तसाच स्टेशनावर आलो.

तेव्हापासून जिवाला चैन नाही. ती माझ्या आठवणीनं हसली, की मलाच हसली? दिवेलागणीला तुझी आठवण येऊन रडली तर कोण उगी करेल? नव्या जागी जीव धरताना माणसाला आत दुखत असेल का? मी तर चांदूर बाजार कधी सोडलं नाही, मला काय कळणार!

पण तुला शब्द देतो. दिवाळीला गोदा तिला घेऊन येईपर्यंत अकोल्याची वाट धरणार नाही. हात बांधून ठेवतो. ती आली आणि 'मला' म्हणाली, तरी तोंड वाकडं करणार नाही.

तू मात्र तिथून पाहत असशील. पोर पोटभर जेवते का, एवढंच स्वप्नात येऊन सांग. एक शब्द पुरे. पण लवकर सांग गं, आता कुठं श्रावण लागला आहे आणि दिवाळी फार लांब आहे.

तुझा घाबरट,
चंद्रीचा आबाजी